प्रेशर सोडलं?

बाबांना लोक पाठीमागे 'तोंडी परीक्षा' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि बाबांनाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की शाळेतल्या परीक्षेत नापास झालेला पोरगा पुढच्या वर्षी परत बसतो, आमच्या परीक्षेत नापास झालेल्याला लिहायला बोटंच उरत नाहीत.

आमचं काम स्प्रेने रंग मारायचं. गोदामं, मोठे लोखंडी दरवाजे, खांब, तुळया. आमच्या यंत्रात हवा नसते. पंप थेट रंगालाच दाबतो, आणि तो रंग पाइपातून गनमध्ये येऊन नोझलच्या सुईएवढ्या भोकातून बाहेर पडतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय सुंदर फवारा! पण नोझलच्या तोंडाशी तो फवारा नसतो, सुरी असते. लोखंडावर बसतो तसाच तो माणसाच्या कातडीतून आत जातो, हातमोज्यासकट. वर दिसतो फक्त एक ठिपका. सुरुवातीला धड दुखतही नाही. आत मात्र रंग आणि थिनर बोटातून तळहाताकडे सरकत जातात आणि जिथे जातील तिथलं मांस मारतात. बाबांच्या वस्तादांना असाच ठिपका पडला होता. त्यांनी मलम लावलं आणि तीन दिवस काम केलं. चौथ्या दिवशी त्यांचा हात कोपरापासून काढावा लागला. बाबा तेव्हा वीस वर्षांचे होते, आणि दवाखान्याबाहेर वस्तादांचं घड्याळ हातात घेऊन बसले होते. कारण ते बांधायला आता मनगट नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे गन धुवायची एक रीत आहे. धुणारा एक आणि विचारणारा एक. बाबा विचारायचे, आम्ही उत्तरं द्यायचो.

"स्विच?"

"बंद."

"लॉक?"

"लावलं." म्हणजे गनचा चाप चुकूनही ओढला जाणार नाही.

"प्रेशर?"

इथे धुणाऱ्याने यंत्राची कळ खाली फिरवायची, मग लॉक उघडून गनचं तोंड लोखंडी बादलीच्या कडेला टेकवायचं आणि चाप ओढायचा. पाइपात अडकलेला रंग थुंकून संपला, पाइप मऊ पडला, की लॉक पुन्हा लावायचं. मगच म्हणायचं, "सोडलं." त्याआधी नोझलला बोट लावणाऱ्याला बाबा नजरेनेच जाळायचे. पुढे नोझल काढणं, जाळी काढणं, मऊ ब्रशने थिनरमध्ये धुणं, खिडक्या उघड्या ठेवणं, थिनरचं फडकं झाकणाच्या डब्यात टाकणं. आणि सगळ्यात शेवटचा प्रश्न.

"हात?"

मोजे काढून, साबणाने हात धुऊन दोन्ही पंजे बाबांसमोर धरायचे. आधी पालथे, मग उताणे. बाबा चष्मा कपाळावर सरकवून दहाही बोटं बघायचे. मी तीस वर्षांची घोडी झाले तरी रोज संध्याकाळी नखं दाखवायला उभ्या असलेल्या पहिलीतल्या मुलीसारखी उभी राहायची. मला राग यायचा. माझ्या नाकावर राग असतोच, म्हणून तर बाबा मला मिरची म्हणतात. पण मी उभी राहायची.

दादाही उभा राहायचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि हाताने बाबांहून सरस. हे बाबांसमोर बोलायची सोय नव्हती, पण बाबांनाही ते कळत होतं. खांबाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत त्याचा पट्टा एकसारखा उतरायचा, कुठे ओघळ नाही, कुठे पातळ नाही. फक्त त्याला घाई फार.

आठ महिन्यांपूर्वी त्या घाईने घात केला. खरं तर केला नाही, करता करता राहिला. नोझल तुंबलं होतं. दादाने लॉक न लावता, प्रेशर न सोडता, नोझलच्या तोंडावरचा रंग बोटाने पुसला. उजव्या हाताचं बोट चापावर तसंच होतं. काही झालं नाही. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. पण बाबांनी ते पाहिलं. साइटवरची दहा-बारा माणसं बघत असताना त्यांनी दादाच्या हातातून गन काढून घेतली आणि म्हणाले, "ज्याला स्वतःचा हात जपता येत नाही, त्याच्या हातात मी गन देत नाही. तू उद्यापासून येऊ नकोस."

दादाने मोजे काढले आणि बाबांच्या पायाशी ठेवले. "परवापासून पण येणार नाही," म्हणाला, आणि गेला. आई गेल्यापासून आमच्या घरात भांडण मिटवणारं कोणी नाही. मी दोघांकडे चार-चार खेपा घातल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर दोन सुंभ. दादा दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला, एक खोली घेऊन राहू लागला. बाबा त्याचं नाव काढत नव्हते, फक्त जेवताना कधी कधी तिसऱ्या ताटाकडे हात जायचा.

मग मी आणि बाबा दोघंच उरलो. टेप लावणं, कागद चिकटवणं, काम झाल्यावर ते सगळं सोलून काढणं हे माझं. गन बाबांची. मी लांब कुठे सोलत बसलेली असले, की विचारणारं कोणी नसायचं. मग बाबा स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "स्विच? बंद. लॉक? लावलं." गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून मला ते ऐकू यायचं आणि हसू यायचं. एकदा मी ओरडले होते, "परीक्षक पण तुम्ही, विद्यार्थी पण तुम्ही! पास होणारच!" बाबाही हसले होते. तिथे मी हसायला नको होतं. हातातलं सोडून त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायला हवं होतं.

त्या दिवशी गोदामाच्या आतल्या खांबांना करडा ऑइल पेंट चालू होता. मी पुढच्या ऑफिसच्या खोलीत काचांवरचे कागद काढत होते. रंगाच्या डब्यात साय धरली होती आणि तो नीट गाळला गेला नव्हता, त्यामुळे नोझल सकाळपासून तुंबत होतं. जेवणानंतर दोन वेळा मला बाबांचा आवाज आला. "लॉक? लावलं. प्रेशर? सोडलं." तिसऱ्यांदाही आला. जरा घाईत आला, एवढंच. मी मान वर केली नाही.

चारच्या सुमारास बाबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. "आज आवरू."

"चारला?" मी विचारलं. बाबा साडेसहाच्या आत कधी आवरत नाहीत.

"डोकं जड झालंय. तुझं आटप. हात?"

मी सवयीने पंजे पुढे केले. त्यांनी पाहिले. पण चष्मा कपाळावर सरकवला नाही, कारण त्यांचा डावा हात खिशात होता आणि उजव्या हातात पाण्याची बाटली होती. माझ्या ते लक्षात आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

"तुम्ही बसा, मी गन घेऊन येते."

"राहू दे. उद्या बघू."

आता मात्र शिरलं. बाबांच्या तोंडून 'गन राहू दे, उद्या बघू' हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ताप असो, पाहुणे असोत, आई गेली त्या दिवशीसुद्धा सकाळच्या कामाची गन त्यांनी दुपारी येऊन धुतली होती. त्या गनला ते तळहाताच्या फोडासारखं जपत. मी आत गेले.

गन शेवटच्या खांबाशी जमिनीवर आडवी पडली होती. नोझलवर करडा रंग सुकत चालला होता. मी वाकून पाइप दाबला. काठीसारखा ताठ. लॉक उघडं. यंत्राचा दिवा लागलेला. आणि बादलीच्या कडेला बाबांचा डाव्या हाताचा मोजा वाळत घातल्यासारखा टाकलेला. तो मी उजेडात धरला. पहिल्या बोटाच्या टोकाला एक भोक होतं, टाचणीने पाडावं तेवढं.

माझे हात आपोआप चालले, इतक्या वर्षांची तोंडी परीक्षा काही उगीच नव्हती. स्विच बंद केला, लॉक लावलं, कळ फिरवली, गन बादलीला टेकवून पाइप रिकामा केला, पुन्हा लॉक लावलं. धुवायला मात्र थांबले नाही. यंत्राला दोरीने एक कार्ड बांधलेलं असतं. अशी इजा झाली तर डॉक्टरला दाखवायचं म्हणून ते यंत्राबरोबरच येतं. नव्या माणसाला बाबा ते पहिल्या दिवशी मोठ्याने वाचायला लावतात. मी दोरी तोडली आणि बाहेर पळाले.

"बाबा, हात दाखवा."

"काही नाही गं. खरचटलंय."

"दाखवा!"

बोट थोडं सुजलं होतं, टोकाला ठिपका, भोवती करडी छटा. बाबा म्हणाले, "दुखत नाहीये."

"वस्तादांचं पण दुखत नव्हतं."

मी रिक्षा थांबवली. वाटेत मी एकच विचारलं, किती वेळ झाला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दीड तास झाला असेल." दीड तास. या इजेत प्रत्येक तास हाताचा असतो, हे मला शिकवणारा माणूस दीड तास हात खिशात घालून खांब रंगवत बसला होता. माझ्या संतापाला सीमा नव्हती. आणि त्या संतापाच्या खाली एवढी भीती होती, की मी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला. मी लहान असताना रस्ता ओलांडताना ते धरायचे, तसा.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. बाहेर रांग होती, आत गर्दी. त्यांनी बोट पाहिलं, दाबलं.

"कशाने झालं?"

बाबा म्हणाले, "खिळा टोचला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरबाई लिहू लागल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, पट्टी, दोन दिवसांनी दाखवा. मी कार्ड पुढे केलं. "डॉक्टर, खिळा नाही. रंगाची गन आहे, प्रेशरची."

त्यांनी कार्ड घेतलं, पण बाबांकडे बघितलं. "आजोबा, नक्की काय लागलं? खिळा की गन?"

"खिळा," बाबा म्हणाले. "मुलगी घाबरलीये. तिला वाटतंय तसं काही नाही. मी चाळीस वर्षं गन चालवतोय. माझ्या हातून असं होत नाही."

मला कळलं. बाबा डॉक्टरबाईंशी बोलतच नव्हते. आठ महिन्यांपूर्वी दहा-बारा माणसांसमोर जो शब्द उच्चारला होता, त्या शब्दाशी बोलत होते. गनने झालं म्हटलं, की ज्या चुकीसाठी पोटचा पोरगा घालवला तीच चूक स्वतः केली, हे म्हणावं लागणार होतं. त्यापेक्षा हात गेला तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून मी त्यांना टाकून बोलू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि टोमण्याने बाबा आणखी आत गेले असते. एकच दार होतं. त्या दारातून ते माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. रोज ते उभे राहतात तशी.

"स्विच?" मी विचारलं.

डॉक्टरबाईंना वाटलं असेल पोरगी वेडी झाली. बाबांनी मान वर केली.

"बाबा, स्विच?"

"चालू," ते हळू म्हणाले.

"लॉक?"

त्यांचे ओठ हलले. "लावलं, असं म्हटलं मी. लावलं नव्हतं."

"प्रेशर?"

बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. मग बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते माझ्या आईच्या वेळीही मी पाहिलं नव्हतं.

"सोडलं नव्हतं," ते म्हणाले. "तोंडाने म्हटलं, सोडलं. हाताने केलंच नाही. विचारणारा मी, सांगणारा मी. नोझल बोटाने पुसलं आणि चाप दाबला गेला."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं, या वेळी शेवटपर्यंत, आणि फोन उचलला. पुढचं सगळं पटापट झालं. मोठ्या सर्जनना बोलावलं, एक्स-रे काढला, रंग कुठला, थिनर कुठला, सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. अंधार पडायच्या आत बाबांना आत नेलं होतं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, हात वाचेल असं वाटतंय, बोटाचं सांगता येत नाही. पट्टी बांधून घरी गेले असते तर हाताचंही सांगता आलं नसतं.

मी दादाला फोन केला. तो रंगाच्या कपड्यांतच आला. त्याला मी सगळं सांगितलं, प्रश्न आणि उत्तरं, सगळं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी असतो तर मी विचारलं असतं." एवढंच म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शुद्धीवर होते. डाव्या हाताला बोचक्याएवढं बँडेज. दादा दारात उभा. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांनाही सुरुवात जमत नव्हती. मला वाटलं, आता मीच दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा. शेवटी बाबा म्हणाले, "गन तशीच राहिलीये."

"बघतो," दादा म्हणाला, आणि तडक निघाला.

बाबांना माफी मागता येत नाही. पण स्वतःची गन त्यांनी दुसऱ्याला आजवर धुवायला दिली नव्हती. आम्ही धुवायचो त्या दुसऱ्या, जुन्या दोन गन. दादाने सुकलेला रंग सोडवायला अख्खा दिवस घालवला. जाळी बदलावी लागली, नोझल टाकून द्यावं लागलं. गन वाचली. बाबांच्या बोटाची दोन पेरं गेली.

बाबा साइटवर परत आले तेव्हा दोन महिने झाले होते. दादा तोवर त्या ठेकेदाराला सोडून, आमचं ते गोदाम पुरं करून पुढचं काम घेऊन बसला होता. बाबा एका उपड्या डब्यावर बसून बघत राहिले. डावा हात खिशात. घरीही तसाच असायचा. जेवतानासुद्धा ते हात मांडीवर, टेबलाखाली ठेवायचे. 

साडेसहाला दादा गन घेऊन बादलीशी बसला. थांबला. बाबांकडे बघितलं.

बाबांनी घसा खाकरला. "स्विच?"

"बंद."

"लॉक?"

"लावलं."

"प्रेशर?"

दादाने कळ फिरवली, गन बादलीला टेकवली, चाप ओढला. रंग थुंकून संपला. त्याने लॉक लावलं. "सोडलं."

बाबा डब्यावरून उठले. चालत आले, वाकले, आणि उजव्या हाताने पाइप दाबून पाहिला. दादाचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याने पुन्हा केलं, एवढं होऊनही भरवसा नाही.

"तुझ्यावर नाही," बाबा म्हणाले. "माझ्या कानांवर भरवसा राहिला नाही. इथून पुढे विचारणाऱ्याने पाइप दाबून बघायचा. माझ्या पाळीला पण."

दादाने मान डोलावली. नोझल काढलं, जाळी धुतली, फडकं डब्यात टाकून झाकण लावलं. आम्ही दोघांनी साबणाने हात धुतले.

"हात?" बाबा म्हणाले.

मी पुढे केले. दादाने पुढे केले. आधी पालथे, मग उताणे. बाबांनी वीस बोटं पाहिली, आणि दादाची जरा जास्तच वेळ पाहिली. मग वळून डब्याकडे निघाले.

"बाबा," दादा म्हणाला. आमच्या घरात हा प्रश्न बाबांना कोणी कधी विचारला नव्हता. "तुमचे?"

बाबा पाठमोरे उभे राहिले. मग वळले, डावा हात खिशातून काढला आणि दोन्ही पंजे आमच्यासमोर धरले. आधी पालथे, मग उताणे. दादाने वाकून एकेक बोट पाहिलं, त्या तोकड्या बोटासकट, आणि म्हणाला, "ठीक."